दृश्याची मालकी

कायदा ज्याला चोरी म्हणतो आणि लोक ज्याला चोरी म्हणतात, त्या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. रानातली चार लाकडे उचलणाऱ्या म्हातारीला कायदा अपराधी ठरवील, पण गाव तिला चोर म्हणणार नाही. उलट, वजनाचे काटे नियमाप्रमाणे ठेवूनही भोळ्या गिऱ्हाइकाला नाडणारा दुकानदार कायद्याच्या कक्षेबाहेर राहील, आणि गाव मात्र त्याला चोरच म्हणेल. या दोन निवाड्यांमधले अंतर हाच नीतिविचाराचा खरा प्रदेश होय.

या अंतराचे एक नवे उदाहरण अलीकडे घरोघरी उत्पन्न झाले आहे. ऑलिंपिक असो, फुटबॉलचा विश्वचषक असो की क्रिकेटचा, हे सामने आता असंख्य लोक आंतरजालावरून, आणि तेही बहुधा हातातल्या मोबाइलवर पाहतात. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेस झालेला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच क्षणी पाहणाऱ्यांची संख्या 5 कोटी 90 लाखांपर्यंत पोचल्याचे तो दाखविणाऱ्या कंपनीने जाहीर केले होते. हे झाले अधिकृत प्रेक्षक. त्यांच्याखेरीज, ज्या सामन्यांना वर्गणी पडते ते सामने वर्गणी न भरता कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून पाहणाराही एक मोठा वर्ग आहे. त्यांत विद्यार्थी आहेत, कारकून आहेत, आणि चांगले मिळवते लोकही आहेत. या मनुष्याला चोर म्हणावे काय?

व्यवसायाने वकील असल्यामुळे मी प्रथम कायद्याची पुस्तके उघडतो. भारतीय न्याय संहितेत, आणि तिच्यापूर्वीच्या 1860 च्या दंडसंहितेतही, चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम मालमत्ता त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने हलविणे. सामन्याचे दृश्य असे कुणाच्या ताब्यातून हलविता येत नाही. मी पाहिले म्हणून शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढून ते नाहीसे होत नाही, आणि प्रक्षेपण करणाऱ्याच्या घरातूनही काही उचलले जात नाही. म्हणून कायद्याने या गोष्टीसाठी निराळे नाव योजले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील 37 व्या कलमाने प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रक्षेपणावर 25 वर्षांचा एक विशेष हक्क दिला आहे. तथापि त्या कलमातील दोषींची यादी वाचून पाहावी. विनापरवाना पुनःप्रक्षेपण करणारा, पैसे घेऊन लोकांना ते दाखविणारा, त्याची ध्वनिमुद्रा वा चित्रमुद्रा करणारा आणि विकणारा अशी मंडळी तीत आहेत. आपल्या घरात बसून नुसते पाहणारा तीत दिसत नाही.

ही केवळ आपल्याच कायद्याची चूकभूल नव्हे. दृश्याला मालमत्ता म्हणावयास न्यायालये फार पूर्वीपासून कचरत आली आहेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी व्हिक्टोरिया पार्क नावाचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते. मैदानालगत राहणाऱ्या टेलर नामक गृहस्थाने आपल्या अंगणात एक उंच मचाण उभारू दिले, आणि त्या मचाणावर बसून एक निवेदक कुंपणापलीकडच्या शर्यतींचे वर्णन नभोवाणीवरून सांगू लागला. तिकीट काढून मैदानावर जाण्याऐवजी लोक घरी बसून ऐकू लागले. मैदानाच्या मालकांनी दावा लावला. 1937 साली तेथील उच्चतम न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो फेटाळला. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे, की दृश्यावर कुणाची मालकी नसते. कुंपणावरून लोकांनी पाहू नये असे वाटत असेल तर मालकाने कुंपण उंच करावे. अल्पमतातील न्यायाधीशांना हे पटले नाही. इव्हॅट यांना ही दुसऱ्याने पेरलेल्याची कापणी वाटली, आणि रिच यांनी तर येऊ घातलेल्या दूरचित्रवाणीचा उल्लेख करून हा निर्णय पुढे फार महत्त्वाचा ठरेल असा इशारा दिला.

पुढे 2011 साली युरोपीय न्यायालयापुढे असाच प्रश्न निराळ्या वेषात आला. पोर्ट्समथ येथील एका मद्यगृहाच्या चालिका कॅरेन मर्फी या ग्रीक कंपनीचे स्वस्त कार्ड आणून इंग्लंडातील फुटबॉलचे सामने आपल्या गिऱ्हाइकांना दाखवीत असत. त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की फुटबॉलचा सामना ही लेखकाच्या कृतीसारखी बौद्धिक निर्मिती मानता येत नाही, कारण तो खेळाच्या नियमांनी बांधलेला असतो. सामन्याआधीचे बोधगीत, चित्राकृती यांवर मात्र हक्क असू शकतो. म्हणजे कलाकुसरीच्या चौकटीला मालक आहे, पण चौकटीतल्या चित्राला नाही, असा काहीसा चमत्कारिक निष्कर्ष निघतो.

येथपर्यंतचा युक्तिवाद ऐकून विनावर्गणी पाहणारा मनुष्य हसून म्हणेल, 'मग झाले तर! मी निर्दोष ठरलो.' पण तसे नाही. अमुक कृत्य चोरी नाही एवढे सिद्ध झाल्याने ते न्याय्य आहे असे सिद्ध होत नाही. वचन मोडणे ही चोरी नव्हे, कृतघ्नपणा ही चोरी नव्हे, म्हणून त्या गोष्टी काही निर्दोष नव्हेत. तेव्हा चोरी हा शब्द बाजूस ठेवून मूळ व्यवहाराकडेच पाहावयास हवे.

आपल्याकडील जत्रेतील कुस्त्यांचे उदाहरण घेऊ. गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. इनामाची रक्कम लोकवर्गणीतून उभी राहते, आणि बघ्यांची गर्दी मोकळेपणाने जमते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधविले, त्यात आखाडा मध्यभागी आणि बैठका भोवताली चढत गेलेल्या. हेतू हा, की मागच्या माणसालाही पुढच्याइतकेच स्पष्ट दिसावे. अशा फडाशेजारच्या झाडावर एखादा पोरगा चढून बसला आणि त्याने कुस्ती पाहिली, तर त्याला कुणी चोर म्हणणार नाही. उलट पडशील म्हणून सांभाळावयास सांगतील. पण त्याच झाडाच्या फांद्या दुसरा कुणी चार-चार आण्यांस विकू लागला, तर लोक त्याला खाली ओढतील. आणि वर्गणी द्यावयाची ऐपत असलेले सारे सावकार रांगेने झाडावर चढू लागले, तर पुढच्या वर्षी इनाम कोठून यावयाचे हा प्रश्न पंचांना पडेल. तीन माणसे, एकच झाड आणि एकच दृश्य. पण तिघांच्या कृत्यांचे नैतिक मोल तीन प्रकारचे आहे.

आंतरजालावरील बेकायदा प्रक्षेपणात या तिघांची सरमिसळ झाली आहे. झाडावर चढणारा पोरगा स्वतःस निरागस समजतो, पण ज्या फांदीवर तो बसला आहे ती विकणारा कुणी तरी पडद्याआड असतो. तो पाहणाऱ्याकडून रोख पैसे घेत नाही म्हणून व्यवहार फुकटाचा ठरत नाही. अशा संकेतस्थळांवर सट्ट्याच्या आणि त्याहून हीन जाहिरातींचा जो पूर येतो, तोच त्यांच्या उत्पन्नाचा झरा होय. दृश्य फुकट मिळाले, परंतु त्याचा मोबदला शेजारच्या घरातील एखाद्या जुगाराच्या व्यसनात अडकलेल्या तरुणाने भरला, असे घडणे शक्य आहे. ज्याला आपण मोबदला दिला नाही असे वाटते, त्याचा मोबदला दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून गेलेला असतो. अधिकृत कंपन्यांनी काही वेळा सामने विनामूल्य दाखविले. 2022 चा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात आंतरजालावर असाच पाहावयास मिळाला. तेथेही आपले लक्ष, आपल्या आवडीनिवडींची नोंद आणि जाहिरातदाराची आपल्यावरची नजर हीच किंमत होती. तेव्हा 'फुकट' या शब्दाने आपली फसगत होऊ नये.

तथापि सर्व प्रकरणे इतकी सरळ नसतात. माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थ्याला आपल्याकडे फारसे कुणी न पाहणाऱ्या एका खेळाचा नाद आहे. त्या खेळाच्या जागतिक स्पर्धेचे प्रक्षेपण दाखविण्याचे अधिकार भारतासाठी कुणी विकतच घेतले नव्हते. आणि परदेशी कंपनीचे दार भारतातील प्रेक्षकाला, तो पैसे मोजावयास तयार असला तरी, बंद होते. तो मला म्हणाला, 'वकीलबाब, विकणाराच कुणी नाही, तर मी बुडविले कुणाचे?' या प्रश्नाला प्रामाणिक वकिलाने 'कुणाचेच नाही' याखेरीज दुसरे उत्तर देणे कठीण आहे. देशोदेशींचे अधिकार तुकड्यातुकड्यांनी विकण्याची पद्धत विक्रेत्याच्या सोयीची आहे. तिच्या फटीत सापडलेल्या माणसावर नीतिभंगाचा आरोप ठेवणे म्हणजे दुकान बंद ठेवून गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत अशी तक्रार करणे होय. दुकान उघडे आहे, पण चार निरनिराळ्या कंपन्यांची वर्गणी भरल्यावाचून एकच खेळ वर्षभर पाहता येत नाही, अशी स्थिती असेल तर दोष कमी-अधिक वाटून घ्यावा लागेल. आणि दुकान उघडे आहे, किंमत आवाक्यातली आहे, तरीही केवळ देण्याचा कंटाळा म्हणून जो मागच्या दाराने शिरतो, त्याच्या बाजूने मात्र मला कोणताही युक्तिवाद सुचत नाही.

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. आपण प्रेक्षकाचे कर्तव्य तपासले, मालकाचे काय? इव्हॅट यांचा पेरणी-कापणीचा दृष्टांत मला मान्य आहे. पण मग पेरले कुणी, हेही विचारले पाहिजे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला खेळाडू आपल्या कंपनीच्या नावाने खेळत नाही, तो देशाच्या नावाने खेळतो, आणि देशाचे नाव ही कुणाची खाजगी मिळकत नव्हे. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर झाले. ते मैदान सरकारी, बंदोबस्ताचे पोलीस सरकारी, रस्ते आणि पाणी सार्वजनिक. ज्या मुलांना तेथे खेळताना पाहिले, ती गावच्या मैदानांवर, चर्चच्या आवारात, शाळांच्या अंगणांत घडली. या पेरणीत ज्यांचा हात आहे त्या सर्वांना कापणीच्या दिवशी दाराबाहेर उभे करावयाचे आणि एकाच खरेदीदाराने कणसे घरी न्यावयाची, हे कोणत्या न्यायात बसते?

या विसंगतीची जाणीव खुद्द खेळाच्या धुरीणांनाही आहे. ऑलिंपिकच्या सनदेत एके ठिकाणी म्हटले आहे, की हे सामने ही आंतरराष्ट्रीय समितीची अनन्य मालमत्ता आहे. आणि त्याच सनदेत दुसरीकडे म्हटले आहे, की ते जगातील जास्तीत जास्त प्रेक्षकांपर्यंत पोचावेत यासाठी समिती सर्व उपाय योजील. एका हाताने कुंपण आणि दुसऱ्या हाताने आमंत्रण. हा झगडा जुना आहे. 1956 साली मेलबर्न येथे आयोजकांनी चित्रणाचे पैसे मागितले, तेव्हा ही तर बातमी आहे, बातमीचे पैसे कसले, असे म्हणून अमेरिका व युरोपातील दूरचित्रवाणी संस्थांनी बहिष्कार घातला. 1960 च्या रोमपासून अधिकारविक्री रुळली, आणि आज समितीच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग प्रक्षेपणाच्या अधिकारांतूनच येतो. त्या पैशातून लहान देशांच्या क्रीडासंस्थांनाही वाटा मिळतो, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. विक्रीच नसावी असे माझे म्हणणे नाही. विक्रीला मर्यादा असावी, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा एकदा फार चांगल्या तऱ्हेने दाखविली. 1993 च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांचा तंटा झाला. 1995 च्या निकालपत्रात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्या वापरात सरकार वा संघटना यांच्यापेक्षा प्रेक्षकाचे हित श्रेष्ठ आहे. पुढे 2007 साली संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीशी वाटून घेणे बंधनकारक केले. जाहिरातीच्या उत्पन्नात दूरचित्रवाणीपुरता किमान 75 टक्के वाटा अधिकारधारकाचा आणि उरलेला प्रसार भारतीचा, अशी त्यात सोय आहे. म्हणजे विकत घेणाऱ्याचा हक्क बुडविला नाही आणि गरिबाच्या घरचा पडदाही काळा राहू दिला नाही. उणीव एवढीच, की हे कलम भूस्थित केंद्रे आणि डीटीएच यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. प्रेक्षक त्या पडद्यापुढून उठून आंतरजालावर गेला. त्याच्यामागे तत्त्व गेले नाही.

गोव्याच्या वाचकांना हे तत्त्व अनोळखी नाही. आमची गावकारी, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद म्हणू लागले, ती याच पायावर उभी होती. गावची जमीन ना एकाची, ना राजाची. ती गावकारांची सामायिक. शेते पावणी करून कसावयास दिली जात. पावणीत शेत घेणाऱ्याचा त्या मुदतीपुरता हक्क पूर्ण. पण त्याने दिलेल्या रकमेतून आधी खाजनांचे बांध आणि मानशी राखावयाच्या, देवळाचा वा चर्चचा खर्च भागवावयाचा, सरकारदेणे द्यावयाचे, आणि मग उरेल ते जोण म्हणून गावकारांत वाटावयाचे. शेत घेणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्यांची पाऊलवाट बंद केलेली गाव सहन करीत नसे. ही संस्था निर्दोष नव्हती. गावात राहूनही जोणीत वाटा नसलेले पुष्कळ होते, स्त्रियाही बहुधा वगळलेल्याच. पण मालकीबरोबर बांध राखण्याचा भार आणि वाट मोकळी ठेवण्याचे बंधन येते, ही तिची शिकवण अजून जुनी झालेली नाही. खेळाच्या दृश्याला मी अशी पावणीची जमीन समजतो. ज्याने बोली लावून ती घेतली, त्याचे पीक इतरांनी कापू नये. पण त्याच्या पैशातून आधी गावच्या मैदानांचे बांध राखले जावेत. आणि देशाचा संघ खेळत असेल, किंवा अंतिम सामना असेल, तेव्हा पाऊलवाट सर्वांना मोकळी असावी.

कुंपण उंच करा, हे 1937 चे उत्तर आज पुरेसे नाही, कारण आजचे कुंपण शेजाऱ्याच्या दारावरही चढते. इटलीत बेकायदा प्रक्षेपण अर्ध्या तासात बंद पाडण्याची यंत्रणा 2024 साली सुरू झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिने चुकून गूगल ड्राइव्हचीच वाट अडविली, आणि ज्यांचा फुटबॉलशी काडीचा संबंध नाही अशा लोकांचीही कागदपत्रे काही काळ कुलपात गेली. एका सामन्याच्या रक्षणासाठी सार्वजनिक रस्ता खणावयाचा अधिकार कुणालाही देताना न्यायाधीशाने दहा वेळा विचार करावा, असे मला वाटते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. 18 जून 1983 रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध आपल्या संघाचे पाच गडी 17 धावांत बाद झाले असताना कपिलदेव यांनी नाबाद 175 धावा केल्या. त्या खेळीचे चलच्चित्रण उपलब्ध नाही. मैदानावर जे होते त्यांनीच ती पाहिली, आणि तरीही तिचे मोल तसूभर उणे झाले नाही. यातून मला एवढेच समजते, की खेळ आपल्या पाहण्यावर जगत नाही. आपण त्याच्याकडे जातो ते पाहुणे म्हणून. पाहुण्याला जसे काही हक्क असतात तसा काही संकोचही असावा लागतो. आणि यजमानालाही, ज्याच्या अंगणात गावाची वाट आहे, तिच्यावर भिंत घालण्याची मुभा नसते.

म्हणून या खटल्यात मी पुढीलप्रमाणे निवाडा सुचवीन. ज्याला विकत घेता येते आणि विकणारा समोर आहे, त्याने मोबदला द्यावा. त्याने तो टाळणे ही चोरी नसली तरी अप्रामाणिकपणा आहे. ज्याच्यासाठी दुकानच उघडलेले नाही, त्याला दोष देऊ नये. मात्र आपण ज्या फांदीवर बसतो ती कोण विकतो आहे, हे त्याने डोळे उघडून पाहावे, आणि स्वतः ती कुणास विकू नये. विकणाऱ्याने देशाच्या नावाचे आणि गावच्या मैदानाचे ऋण मानून मोठे सामने सर्वांस मोकळे ठेवावेत. आणि संसदेने 2007 चे तत्त्व आंतरजालास लावावे. यांतले शेवटचे काम आपल्या एकट्याच्या हातातले नाही, परंतु पहिल्या दोहोंना कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढची मोठी स्पर्धा सुरू होईल त्या रात्री प्रत्येकाला हा निर्णय आपल्या घरात, आणि बहुधा एकट्यानेच, करावयाचा आहे.